पान्ह्यांच्या पेटीतला लाल काठ

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, एवढे मला नक्की ठाऊक आहे. कशाची पेटी, हे मात्र विचारू नका. त्या प्रश्नाने मी आयुष्यभर गोंधळत आले आहे.

माझ्या फळ्या देवदाराच्या आहेत. कडांना लोखंडी पट्ट्या आहेत. वर हिरवा रंग होता आणि त्यावर पांढरी अक्षरे होती. ती अर्धी पुसली गेली आणि उरलेली कोणाला वाचता आली नाहीत. लढाईच्या दिवसांत गोंदियाजवळच्या बिरसीला धानाच्या बांध्यांशेजारी विमानांची धावपट्टी झाली, तेव्हा मी तिथे आले. त्या वेळी माझ्या पोटात काय होते? खरे सांगते, मला माहीत नाही. झाकण लागले की आत अंधार होतो, आणि आतले सामान आपणहून आपले नाव सांगत नाही. काहीतरी जड होते आणि त्याला तेलाचा वास होता, एवढेच आठवते.

लढाई संपली. विमाने उडून गेली, माझ्या पोटातले जे काही होते तेही कोणी काढून नेले. देश स्वतंत्र झाला त्या पावसाळ्यात मी गोंदियाच्या बाजारात छोटेलाल भंगारवाल्याच्या दुकानाबाहेर उपडी पडले होते. तिथे केशोराव आले. त्यांचे गाव नागझिऱ्याच्या जंगलाला लागून होते. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी गावचा तलाव बांधला होता आणि त्याच पाण्यावर त्यांचे धान पिकत होते. त्यांनी नुकतीच एका साहेबाची जुनी मोटार घेतली होती.

“कशाची पेटी आहे ही?” त्यांनी मला पायाने सरळ करत विचारले.

“पेटी है, सेठ,” छोटेलाल म्हणाला. “जो डालोगे, उसी की हो जाएगी.”

हे उत्तर ऐकून मला बरे वाटावे की वाईट, ते समजेना. आजही समजत नाही.

मोटारीत मागच्या बैठकीपुढे, पाय ठेवायच्या जागेत, मला बसवले. माझा ताबा ड्रायव्हर टिकारामकडे आला. मित्रांनो, जुन्या मोटारीने कुठे जायचे म्हणजे आधी पेटी भरावी लागते, हे मी त्याच्याकडून शिकले. सर्वांत खाली जॅक. त्याच्या बाजूने गोणपाटात गुंडाळलेले पान्हे, म्हणजे ते वाजत नाहीत. जुने प्लग तंबाखूच्या डबीत. पंक्चरसाठी जुन्या ट्यूबचे तुकडे. झाकणाच्या आतल्या बाजूला एक खिळा होता, त्यावर इंजिनाच्या पंख्याचा जादा पट्टा टांगलेला. एवढ्यापर्यंत मला वाटे, चला, मी औजारांची पेटी आहे. पण मग तो साबणाची वडी ठेवी. का, तर पेट्रोलची टाकी गळली की त्या जागी साबण घासायचा. त्यानंतर हळद.

हळद ही केशोरावांच्या थोरल्या बहिणीकडून, सुलोचनाबाईंकडून, मागून आणावी लागे. घराच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असत.

“टिकाराम, गावाले जाऊन राहिला का सयपाक कराले?” त्या विचारीत.

“हिच्या रेडिएटरचं पानी गळते, बाई. हळद पाजली का दम धरते.”

“माह्या भाजीत चिमूट पडते अन् तुह्या गाडीले वाटीभर पाह्यजे. तिलेच देवघरात बसव आता.”

अशी माझ्यात हळद येई. हळद असलेली पेटी औजारांची की मसाल्याची? मी विचार करीत बसे, तोवर मोटार निघे.

केशोरावांची बायको गंगाबाई मागे बसली की तिचे पाय माझ्यावर असत. हलके पाय, जोडव्यांचे. तिच्या मांडीवर रुख्मा असे, त्यांची लेक. रुख्मा मोठी होत गेली तशी ती मांडीवरून उतरली आणि माझ्यावरच बसू लागली. टिकाराम मला भरत असताना ती शेजारी उकिडवी बसून प्रत्येक वस्तूला बोट लावी.

“हे कायले, टिकारामकाका?”

“हे चाक खोलाले.”

“अन् हे कायले?”

टिकाराम दमून जाई. मग तो एकच सांगे, “रस्त्यात ज्याच्याबिना अडते, ते पेटीत टाकाचं. बस.”

नंतर एका वर्षी गंगाबाईचे पाय माझ्यावर येईनासे झाले. तिला खोकला होता. केशोराव तिला नागपूरच्या दवाखान्यात सोडून आले. रुख्मा घरी होती. तिला सांगितले, माय लवकर येईल. पण धान कापून झाले, उन्हाळा गेला, पुन्हा रोवणी झाली. लहान मुलांना तिच्याजवळ नेत नसत, म्हणून रुख्माला कोणी नेलेही नाही.

आता त्या दिवसाचे सांगते. खंडेनवमी होती.

तुम्हाला ठाऊकच असेल, त्या दिवशी घरातली औजारे पूजेला लागतात. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, सगळे धुऊन देवापुढे मांडतात. केशोरावांच्या घरी मोटारीचे पान्हेही मांडत. टिकारामने मला ओसरीवर आणून पूर्ण रिकामे केले. जॅक गेला, पान्हे गेले, खिळ्यावरचा पट्टासुद्धा झेंडूच्या फुलांत जाऊन बसला. त्यांना कुंकू लागले. मी रिकामी पेटी मात्र ओसरीच्या कोपऱ्यात. पूजा सामानाची, पेटीची नव्हे, असे दिसते. मला वाईट वाटले, पण तक्रार कोणाकडे करणार?

सकाळीच निरोप आला. गंगाबाईचा भाऊ उमराव याने गोंदियाहून माणूस पाठवला होता. गंगाला नागपूरहून पहाडावरच्या क्षयाच्या दवाखान्यात नेत आहेत, दुपारची गाडी गोंदियाला थांबेल. तिथे किती काळ लागेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. पोरीला मायचे तोंड दाखवायचे असेल तर आजच आणा.

केशोराव म्हणाले, “गाडी काढ, टिकाराम.”

“पूजेतलं औजार उद्या सोनं लुटेपर्यंत उचलाचं नाई,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “आपल्या घरी कधी उचललं नाई.”

केशोराव कपडे बदलायला गेले. टिकाराम पेट्रोल आणायला धावला. जाता जाता म्हणाला, “बाई, तेवढे पान्हे पेटीत टाकून ठेवजा.” सुलोचनाबाई गप्प राहिल्या. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ टिकारामने हो असा घेतला. त्यांचा अर्थ नाही असा होता. औजारे देवापुढे राहिली तर देवच गाडी पोचवील, असे त्यांना मनापासून वाटत होते.

मी तशीच कोपऱ्यात. मग माझे झाकण उघडले. लहान हात होते. आधी एक मऊ गाठोडे आत आले, चांगले जड. मग काहीतरी लोखंडाचे. मग एक पितळी डबी. झाकण बंद झाले. मला वाटले, आले बाबा माझे सामान परत. पण ते मऊ का आहे? आणि त्याला तेलाऐवजी खोबरेलाचा, थोडा चुलीच्या धुराचा वास का आहे?

टिकारामने मला उचलले. वजन भरले. त्याने सवयीने हलवून पाहिले, आत लोखंड वाजले. त्याचे समाधान झाले आणि आम्ही निघालो.

रुख्मा माझ्यावर बसली होती. रस्ता चिखलाचा होता, दोन्ही बाजूंना धान पोटरीवर आले होते. गोंदियाच्या वाटेवरच्या गोरेगावच्या अलीकडे पुढून फट्ट असा आवाज आला. मग वाफ सुटल्याचा. मोटार थांबली.

“पंख्याचा पट्टा गेला, मालक,” टिकाराम म्हणाला. “काई फिकर नाई. दुसरा हाय.”

त्याने माझे झाकण उघडले आणि आत घातलेला हात तसाच बाहेर काढला.

माझ्यात एक लाल काठाचे हिरवे लुगडे होते. त्यात चिन्नोर तांदूळ बांधलेले होते. एक अडकित्ता होता आणि कुंकवाची डबी होती.

“हे कोनं भरलं?” केशोरावांनी विचारले.

“मी,” रुख्मा म्हणाली.

“कायले?”

“टिकारामकाका म्हनते ना, रस्त्यात ज्याच्याबिना अडते ते पेटीत टाकाचं. मायचं याच्याबिना अडत असन. तिले आपलाच भात लागते.”

केशोरावांनी हात उगारला होता की कपाळाला लावला, ते मला खालून नीट दिसले नाही. ते रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. टिकाराम गाडीच्या पायरीवर बसला. मला तर काहीच कळेना. मला चुकीचे भरले होते की बरोबर? औजार नव्हते, पण वस्तू तर त्या पोरीने नियमानेच भरल्या होत्या.

मग टिकारामने लुगड्याचे एक टोक बोटांत धरून ताणून पाहिले.

“मालक,” तो म्हणाला, “याची पट्टी पिळून बांधली त पट्टा होते. तिथवर जाते.”

रुख्माने लुगडे तांदळासकट छातीशी ओढले. “मायचं हाय ते.”

“हो ना पोरी. मी काई ओढून घेत नाई. बैलगाडी पाहू म्हनतेस त पाहू. पन रेल्वे आपल्यासाठी थांबत नाई.”

तिने त्यात तोंड खुपसले. किती वेळ, कोण जाणे. त्या लुगड्यातला वास मलाही येत होता. नागपूरला जाण्याआधी गंगाबाईने ते दोरीवर सोडले होते. सुलोचनाबाईंनी ते धुवायला काढले, तेव्हा रुख्माने रडून घर डोक्यावर घेतले होते, हे मला नंतर त्यांच्या बोलण्यातून समजले.

शेवटी तिने स्वतः तांदळाची गाठ सोडली. तांदूळ माझ्यात ओतले आणि लुगडे पुढे केले.

“काठ नको फाडू, काका,” ती म्हणाली.

अडकित्त्याने कापड कातरले आणि ते लांब फाटत गेले. तो आवाज मला अजून आठवतो. टिकारामने पट्टी जवळच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यात भिजवली, पिळली, पंख्याच्या चाकांवरून घट्ट गाठ मारली. मोटार चालू झाली. थोडे अंतर गेलो की ती झिजून तुटे, मग पुन्हा थांबायचे, पुन्हा फाडायचे. नंतर नंतर रुख्माच फाडून देऊ लागली. ती रडत नव्हती. “हे घे काका, लवकर,” एवढेच म्हणे. मी मात्र पुरती गोंधळले होते. माझ्यातून लुगडे निघत होते आणि मोटार चालत होती.

गोंदियाच्या स्टेशनावर गाडी उभीच होती. टिकारामने मला खांद्यावर घेतले आणि सगळे धावले. सोबतीला आधीच चढलेला उमराव डब्याच्या दारात उभा राहून हात हलवत होता. खिडकीत गंगाबाई होती. मी तिला पायांवरून ओळखत होते, चेहऱ्यावरून ओळखायला मला वेळ लागला. तिने पदर तोंडावर धरला होता.

“तिथंच राह्य बेटा,” ती म्हणाली. “जवळ नोको येऊ.”

रुख्मा थांबली. दोघींच्या मधल्या जागेत टिकारामने मला खाली ठेवले. उमरावने माझ्यातले तांदूळ उपरण्यात घेतले, अडकित्ता घेतला, डबी घेतली.

“तुह्या हातात काय हाय?” गंगाबाईने विचारले.

रुख्माच्या मुठीत लाल काठ होता, तेलाने काळा झालेला.

“हा माह्या लुगड्याचा काठ होय ना? बाकीचं कुठं गेलं वं?”

“तुह्याकडं येता येता सरलं, माय.”

गंगाबाई हसू लागली. हसता हसता खोकली. केशोरावांनी मान वळवली. मला समजेना, हे हसणे आहे की काय आहे. मग ती म्हणाली, “त अर्धा मले दे. परत याले लागन ना.”

रुख्माने काठाचे दोन तुकडे केले. एक उमरावच्या हातून आत गेला. शिट्टी झाली, डबे हलले. दुसरा तुकडा तिने माझ्या झाकणातल्या खिळ्यावर टांगला, पट्ट्याच्या जागी.

आम्ही घरी आल्यावर सुलोचनाबाईंना सगळे कळले. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी खंडेनवमीला टिकाराम मला रिकामे करायला बसला, तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला.

“राहू दे आत. जसं हाय तसं आन.”

मी भरलेलीच देवघरात गेले. पान्हे, जॅक, प्लग, पट्टा, साबण, हळद आणि तो मळका काठ. सुलोचनाबाईंनी सगळ्यांना कुंकू लावले. काठाला लावताना थोडे थांबल्या आणि लावले. मग माझ्या झाकणालाही लावले. तो माझा पहिला टिळा. तेव्हापासून त्या घरात पूजा पेटीसकट होते.

गंगाबाई त्याच्या पुढच्या वर्षी बरी होऊन आली. मोटारीत मागे बसली आणि माझ्यावर पाय ठेवले. जोडवी सैल झाली होती, पण पाय तेच. घरी उतरण्याआधी तिने माझे झाकण उघडले आणि आपला धुऊन जपलेला तुकडा त्याच खिळ्यावर अडकवला. एक काळा, एक लाल. आता दोन्ही सारखेच मळले आहेत.

आता १९६० उजाडले आहे. टिकारामला नीट दिसत नाही, मोटार गोठ्याशेजारी उभी असते, क्वचितच निघते. परवा एका नव्या माणसाने मला उघडले आणि हात पुसायला तो काठ ओढू लागला. तितक्यात रुख्मा आली. आता ती स्वतः लुगडे नेसते. तिने आपला पदर पुढे केला आणि ती म्हणाली, “याच्यानं हात पूस.”

मित्रांनो, मी कशाची पेटी आहे, हे मला अजून ठरवता येत नाही. तुम्हाला ठरवता आले तर मला सांगा. पण प्रवासाला निघताना पेटी नुसती हलवून पाहू नका. उघडा, आत हात घाला, कोणी काय भरले आहे ते बघा. आणि औजारांत एखादी चिंधी सापडली, तर टाकण्याआधी घरात विचारा.