अंगठ्याचं नख

सुरा तिने सासऱ्यांच्या तळहातावर ठेवला, कारखान्याचा ठसा असलेली बाजू वर करून, आणि चिठ्ठीवर लिहिण्याचं निमित्त करून नेहमीसारखी मोठ्याने बोलू लागली.

“पातं मूळचंच. टोकाशी गंज आहे, पण वरवरचा. मुठीच्या चामड्याला एक चीर.”

“हं,” सासरे म्हणाले, जणू स्वतःच बघत होते.

समोरच्या खुर्चीत नेहमीचं गिऱ्हाईक बसलं होतं, जुन्या लष्करी सुऱ्यांच्या नादापायी घर भरून टाकलेला एक संग्राहक. त्याला काय ठाऊक, की सासऱ्यांच्या, म्हणजे त्याच्या काकांच्या, डोळ्यांपुढे आता नुसता धूसर उजेड असतो! बाजारात कुणालाच ठाऊक नव्हतं. पारख करावी तर काकांनीच, असं सगळे म्हणायचे. अंगठ्याचं वाढवलेलं नख ते पात्यावरून फिरवायचे आणि लोक श्वास रोखून बघायचे. सगळं सोंग. वाचायची ती, ते फक्त तिचंच बोलणं जड आवाजात परत बोलायचे.

नवरा मुलीला घेऊन नोकरीच्या गावी गेला, तेव्हा ती थोडे दिवस म्हणून मागे राहिली होती. ‘मी कुणाच्या दारात जाऊन बसणार नाही,’ हे सासऱ्यांचं पालुपद. आणि ती निघते म्हणाली की, ‘एवढं गिऱ्हाईक होऊ दे.’ गिऱ्हाईक काही संपत नव्हतं. पुढे दुकान, मागे घर, आणि दोन्हीकडे तोच तेला-लोखंडाचा वास. तिचा जीव अगदी गुदमरून गेला होता.

आज सकाळी फोनवर मुलीने ‘कधी येणार’ म्हणून विचारलंसुद्धा नाही. शाळेतल्या गमती सांगितल्या, आणि वेणी आता पप्पाच घालतो म्हणाली. फोन ठेवून ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली.

“ठसा कसला आहे हो, काका?” संग्राहकाने विचारलं.

पात्याच्या मुळाशी बाणाचा ठसा होता, चांगला ठसठशीत. ती त्या ठशाकडे बघत राहिली. एकदाच चुकीचं सांगितलं तर? सोंग उघडं पडेल, दुकानाला कुलूप लागेल, ती सुटेल. म्हाताऱ्याची मात्र अब्रू जाईल.

“मुकुट,” ती म्हणाली.

नख पात्याच्या मुळाशी गेलं. थांबलं. सावकाश पुन्हा त्याच जागेवरून फिरलं. सासऱ्यांनी मान तिच्या दिशेने वळवली.

“मुकुट,” ते म्हणाले.

“काय काका, चेष्टा करता गरिबाची? बाण आहे की हा सरळसरळ!”

“असेल बाबा. डोळे गेलेत माझे. उगाच रेटत होतो.” ते हसले. “सुरा अस्सल आहे तुझा. घासूनपुसून वाट लावू नकोस त्याची. आणि आता दुसरा पारखी बघ.”

संग्राहक सुरा गुंडाळून निघून गेला. संध्याकाळपर्यंत बाजारभर होणार होतं. तिला वाटलं होतं, हायसं वाटेल. आता तिला मान वर करवत नव्हती.

“बाबा, चुकलं माझं. घाईघाईत...”

“बाण होता. नख लागल्या लागल्या कळलं.”

“नुसत्या नखाने कळतं तुम्हाला?”

“पहिल्यापासून.”

“मग मला कशाला अडकवून ठेवलंत?” तिचा आवाज चढला. “पोर माझी तिकडे, मी इकडे, आणि तुम्ही...”

“तू गेल्यावर इथे माझ्याशी बोलणारं कोण होतं?”

तिने पेन खाली ठेवलं.

“आणि आज मुकुट का म्हणालात?”

“तू म्हणालीस ना.”

त्यांनी पाती पुसायच्या फडक्याची घडी केली. खण उघडून आत चाचपत राहिले, नेलकटर सापडल्यावर ते तिच्यासमोर ठेवलं आणि अंगठा पुढे केला.

“काप. तिकडे वेणी घालताना टोचेल पोरीला.”