हळदीचं नाव काढायचं नाही

आमच्या गावात हळदीला बोल लावत नाहीत. मटण कमी पडलं, डीजेवाला भांडला, मंडपाचा खांब पडला, तरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी म्हणायचं, हळद झकास झाली. उलटं बोललं की ते नवऱ्या मुलीच्या संसाराला लागतं म्हणे. त्यामुळे आमची बास्केटबॉलची टीम सेमीफायनलला एकतीस पॉइंटांनी का आपटली, हे सगळ्या नवी मुंबईला माहीत होतं आणि आमच्या घरात एकालाही बोलता येत नव्हतं. हळद माझी होती.

टीमचं नाव खाडी किंग्ज. मालक माझे बाबा, गोटीराम मढवी. दिघ्याच्या अलीकडे खाडीकाठी आमचं गाव. आजोबा भातशेती करायचे, बाबा बिल्डिंगा बांधतात. बाबांनी जन्मात बास्केटबॉल हातात धरलेला नाही. शेजारच्या गावातल्या बिल्डरने कबड्डीची टीम घेतली म्हणून त्यांनाही एक टीम पाहिजे होती, आणि कबड्डीची शिल्लक नव्हती.

बास्केटबॉल घरात खेळलेली मी एकटी. नेरूळच्या कॉलेजात तीन वर्षं टीममध्ये होते. म्हणून बाबांनी टीमच्या कंपनीत मला डायरेक्टर केलं. मुलांना राहायला फ्लॅट बघणं, बूट, फिजिओ, पंजाबहून आलेल्या साडेसहा फुटी सेंटरला पुरेल एवढा पलंग करून घेणं, सगळं मीच केलं. बाबा फक्त ट्रॉफीसोबत फोटोला उभे राहायचे, आणि ट्रॉफी नसली तर नुसतेच उभे राहायचे.

कोचही मीच आणला. अभिराम सर. कॉलेजात ते आम्हाला शिकवायचे. एकदा मी गावच्या जत्रेतून जागरण करून मॅचला गेले होते. सरांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, गळ्यातली शिट्टी वाजवली आणि म्हणाले, "मढवी, बेंच." पूर्ण मॅच मी बेंचवर. आमच्या प्राचार्यांनी रदबदली केली, बाबांनी कॉलेजला पंखे देतो म्हणून निरोप पाठवला. सर म्हणाले, पंखे लावा, पण ती खेळणार नाही. त्या दिवशी मी ढसाढसा रडले आणि त्या दिवसापासून त्या माणसाला देव मानलं. टीम घेतल्यावर बाबांना म्हटलं, कोच हवा तर हाच.

देवाला देवळात ठेवावं, पगारावर ठेवू नये. एका सीझनमध्ये सर असे बदलले की मला ओळखू येईनात. बाबा स्टेडियममध्ये शिरले की मॅच चालू असली तरी उठून उभे. माझा चुलतभाऊ मिथुन टीमचा मॅनेजर. त्याला बास्केटबॉलमधलं एवढंच कळतं की रिंग वर असते. पण तो सांगेल तो खेळाडू मैदानात. आणि मी मढवीची मॅडम झाले. पहिल्यांदा त्यांनी मॅडम म्हटलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं.

हळद शनिवारी, लग्न रविवारी संध्याकाळी, आणि सेमीफायनलही रविवारीच, दुपारी चार वाजता. बाबांना त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट त्यांनी फर्मान काढलं की अख्खी टीम जर्सी घालून हळदीला आली पाहिजे. पाहुण्यांना दिसायला नको का, गोटीरामने काय घेतलंय ते! मी शुक्रवारी सरांना फोन केला.

"सर, मुलांना पाठवू नका. माझी हळद आहे, मीच सांगतेय. बाबांचं काय ते मी बघेन."

"साहेबांचं आमंत्रण आहे, मॅडम. अर्धा तास हजेरी लावून निघतो."

तो अर्धा तास पहाटे संपला. माझ्या अंगाला हळद लागत होती आणि समोर खाडी किंग्ज नाचत होते. साडेसहा फुटी सेंटरच्या खांद्यावर माझा मामा बसला होता आणि मांडवाच्या झालरी तोडत होता. पॉइंट गार्डला आमच्या पोरांनी इतकी पाजली की तो डीजेच्या भिंतीला मिठी मारून उभा होता. आणि सर? सर घोळक्याच्या मधोमध, डोक्याला फेटा, गळ्यातली शिट्टी तोंडात, गाण्याच्या ठेक्यावर फुर्र फुर्र वाजवत होते. ज्या शिट्टीने मला बेंचवर बसवलं तीच. मला किळस आली. हळद लावणाऱ्या बायकांना वाटलं, पोरगी सासरी जायच्या विचाराने गप्प झालीय.

दुसऱ्या दिवशी नाचता येईना अंगण वाकडं असंही म्हणायची सोय नव्हती. नाचता उत्तम येत होतं, धावता येत नव्हतं. माझ्या मंगलाष्टका चालू असताना अंतरपाट धरलेल्या मामाच्या दुसऱ्या हातात मोबाइल होता आणि "सावधान" झालं की तो शेजारच्याला स्कोअर सांगायचा. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवऱ्याचा चेहरा बघायच्या आधी मला कळलं की आपण हरलो.

मग मी सासरी कामोठ्याला गेले. पाचव्या दिवशी लेकीला माहेरी आणतात, आमच्यात त्याला पाचपरतावन म्हणतात. बाबांनी त्याच दिवशी मीटिंग ठेवली. कोचला ठेवायचं की काढायचं.

मी गाडीतून उतरले तर सर बंगल्याच्या पायरीवर उभे. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा बॉक्स. नोकरी जायची वेळ आलेला माणूस पेढे कशाला आणतो, देव जाणे.

"मॅडम, माझं काही खरं नाही आज," ते हळूच म्हणाले. "तुम्हीच काय ते बघा."

मला दया आली नाही, संताप आला. पण संतापाच्या खाली कुठेतरी तो जुना माणूस अजून बसला होता, तो मला सोडवेना. म्हटलं, "सर, एक करा. आत गेल्यावर खरं बोला. मी तुम्हाला फोन केला होता, तुम्ही ऐकलं नाही, मुलं झोपली नाहीत. एवढंच. मग तुम्हाला काढायला निघाले तर मी आडवी पडते."

त्यांनी मान डोलावली. दोनदा डोलावली. मी विश्वास ठेवला.

हॉलमध्ये बाबा सोफ्यावर, शेजारी मिथुन लॅपटॉप उघडून. समोर नंदकिशोर काका, नेरूळचे, कोणे एके काळी महाराष्ट्राकडून खेळलेले. बाबा त्यांना तज्ज्ञ म्हणून बोलावतात आणि ते जेवायच्या वेळेला येतात. हळदीलाही आले होते, दोनदा पंगतीला बसले होते. माजघराच्या दारात पुतळा आत्या, बाबांची मोठी बहीण, माझी ओटी भरायची तयारी घेऊन बसलेली.

"का हरलो आपन?" बाबांनी विचारलं. "मना साध्या भाषेत सांगा."

नंदकिशोर काकांनी घसा साफ केला. "फ्री थ्रो. आमच्या वेळी दिवसाला दोनशे फ्री थ्रो मारल्याशिवाय चहा मिळत नसे."

मिथुन बाबांना म्हणाला, "काका, स्टेडियमचा एसी खूप थंड होता. मुलांचे पाय आखडले. आणि कोचचं प्लॅनिंग झीरो. मी काय बोलतो, आपण युरोपमधून माणूस आणू. गोरा असला की टेन्शन नाय, स्पॉन्सर पण येतात."

"झोन डिफेन्स उशिरा लावला," नंदकिशोर काका म्हणाले.

"जर्सीचा कलर पण लकी नाय," मिथुन म्हणाला.

बाबा प्रत्येकाला मान देत होते. अर्धा तास त्या खोलीत बूट, बॉल, एसी, रेफ्री, अमावास्या, सगळ्यांना दोष देऊन झाला. एकतीस पॉइंटांनी हरलेल्या टीमवर इतकी अक्कल मी कधी एकत्र बघितली नव्हती. आणि एकही जण हळदीचं नाव काढेना. मिथुनच्या मानेवर अजून हळदीचा पिवळा डाग होता. तो मान खाजवत एसीबद्दल बोलत होता.

सर खुर्चीच्या टोकावर बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पेढ्याच्या बॉक्सकडे पाहत होते.

"काढूनच टाकू मग," बाबा म्हणाले.

मी बोलले. "बाबा, मुलं झोपली नव्हती. पहाटेपर्यंत माझ्या हळदीत नाचत होती. म्हणून हरलो."

आत्याच्या हातातलं ताट खाली आलं. "मनू! हलदीला बोल नको लावूस गो! आज तुजा पाचपरतावन हाय."

"हळद माझी आहे, आत्या. लागला तर मलाच लागेल." मी सरांकडे वळले. "मी शुक्रवारी फोन केला होता, मुलांना पाठवू नका म्हणून. सर, सांगा ना."

सरांनी आधी मिथुनकडे पाहिलं, मग बाबांकडे. माझ्याकडे नाहीच.

"फोन आला होता," ते म्हणाले. "मॅडमनी आग्रहाचं आमंत्रण दिलं होतं."

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.

"हळदीचा काही संबंध नाही, साहेब. मुलं लवकर जाऊन झोपली होती. उलट एवढ्या मोठ्या घरचं शुभकार्य, मुलांना आशीर्वादच मिळाला. चूक माझी आहे. मी टाइम-आउट उशिरा घेतला."

असं सराईत खोटं! फेटा बांधून नाचणारा माणूस, त्याला पाचशे लोकांनी पाहिलं, व्हिडिओ निघाले, बाबांनी स्वतः त्याच्यावरून नोटा ओवाळल्या होत्या. त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि प्रत्येकाचा चेहरा सुटल्यासारखा मोकळा झाला. नंदकिशोर काकांनी तर "टाइम-आउट, बरोबर" म्हणून मांडीवर थाप मारली.

बाबांचे डोळे भरून आले. माझे बाबा वाईट नाहीत, पण खुशामतीला इतके हपापलेले आहेत की ती उघड उघड खोटी असली तरी घटाघटा पितात. "याला मानूस म्हनतात," ते म्हणाले. "सोताची चूक कबूल करतो, पन घरच्या कार्याला बोल नाय लावत. हा राहनार. पुढच्या सीझनला पन हाच."

सर उठून त्यांच्या पाया पडले. माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठा माणूस, कधीकाळी पंख्यांना न विकला गेलेला, आणि पाया पडताना त्याने शिट्टी जमिनीला लागू नये म्हणून शर्टात सारली. मला त्याची लाज वाटली. त्याला वाटत नव्हती, म्हणून बहुतेक मला दुप्पट वाटली.

"हा कोच राहणार असेल तर त्याच्या करारावर मी सही करणार नाही," मी म्हटलं. "डायरेक्टर मी आहे."

बाबा हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "बाय माजी, आता तू कामोठ्याची. दुसऱ्याच्या घरची लेक-सून. तुजी सही कशाला अडकवाची? मिथुन बगंल."

मिथुनने लॅपटॉपखालून कागद काढले, माझा राजीनामा आणि माझ्या जागी त्याची नेमणूक. टाइप केलेले, तयार. माझ्या सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारून ठेवलेली. म्हणजे मी बोलले म्हणून नव्हे. मी अंतरपाटामागे उभी होते तेव्हाच हे ठरलं असणार.

मी सरांकडे पाहिलं. बाकी कुणाला नाही तरी त्यांना धक्का बसायला हवा होता. बसला नाही. त्यांनी बॉक्स उघडला, पहिला पेढा मिथुनपुढे धरला आणि म्हणाले, "अभिनंदन, सर." तेव्हा कळलं पेढे कशाचे ते. मिथुनने त्यांना आधीच सांगितलं होतं. पायरीवर माझ्यापुढे मान डोलावताना त्यांना माहीत होतं की या बाईच्या हातात आता काही उरलेलं नाही. तरी डोलावली. चुकून माझ्या हातात काही उरलंच असेल तर, म्हणून.

मी सही केली. आडवी पडते म्हणाले होते, पण कुणासाठी पडणार?

आत्याने ओटी भरली. तांदूळ, नारळ, खणाचं कापड. ती पुटपुटत होती, देवा, पोर बोलली ते पोटात घाल. बाबांनी अनारशांचा डबा दिला, केवढा तरी मोठा. मी उचलायला वाकले तर सर धावत आले आणि डबा घेऊन गाडीपर्यंत माझ्या मागे चालत आले. त्यांचा चेहरा हलका झाला होता. एक सीझन मिळाला होता त्यांना.

"मागच्या सीटवर ठेवू का, मॅडम?"

मी गाडीचं दार धरून उभी राहिले. म्हटलं, "सर, कॉलेजात तुम्ही मला मढवी म्हणायचात. एकदा म्हणा."

त्यांनी डबा नीट सीटवर ठेवला, कलंडू नये म्हणून पट्टा लावला, आणि हसून म्हणाले, "आता कशाला? आडनाव बदललं ना तुमचं."