गाडीतली बॅग

माझ्या भाच्याची बॅग मंगळवारी सकाळी गाडीत गेली आणि तिथेच राहिली.

भाचा म्हणजे क्विंटन, माझी मोठी बहीण अर्नेटा, तिचा मुलगा. वय बावीस, वजन तीनशे अठरा पौंड. एप्रिलमध्ये देशभरातल्या फुटबॉल क्लबांनी, म्हणजे चेंडू हातात घेऊन धडका मारायच्या आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या, कॉलेजांतून नवे खेळाडू उचलले, त्यात हा छत्तिसावा. दक्षिण अलाबामातल्या आमच्या गावातून याआधी तिथवर एकच माणूस पोचला होता, तो मी. मी परत कसा आलो ते गावात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कोणी विचारत नाही.

बुधवारी क्लबचा कॅम्प सुरू होणार होता. समोर चार वर्षांचा करार होता. पहिल्या दोन वर्षांच्या पगाराची हमी होती, म्हणजे पाय मोडो की मान मोडो, पैसे मिळणार. तिसऱ्या वर्षाची मात्र निम्मीच. क्विंटनच्या आधी निवडलेल्या पस्तिसाव्या पोराला त्याच्या क्लबने तिसरं वर्षही पूर्ण हमीचं दिलं होतं. आमच्या क्लबचं म्हणणं, पस्तीसला मिळालं म्हणून छत्तीसला मिळालंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? सही केल्याशिवाय मैदानात पाय ठेवता येत नाही, आणि एकदा सही केली की मागायला हातात काही उरत नाही. म्हणून क्विंटन अडून बसला. अडून बसला म्हणायचं आपलं. प्रत्यक्षात तो अर्नेटाच्या घराच्या पायऱ्यांवर बसून दिवसभर त्या गाडीकडे बघत होता.

त्याची एजंट कॅमिल बोड्रो, लुइझियानाची, तोंडाने तिखट. बुधवारी तिने फोन स्पीकरवर ठेवायला सांगितलं.

"नीट ऐका सगळे. आपल्याकडे एकच हुकमी पान आहे. क्विंटनला घाई नाही, असं त्यांना वाटत राहिलं पाहिजे. ते वाटेनासं झालं की खेळ खलास. फोटो टाकायचे नाहीत, चर्चमध्ये नाव घेऊन प्रार्थना करायची नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी गप्पा नाहीत. कोच, ऐकताय ना?"

"मला काय सांगतेस? मी काय काल जन्मलो?"

"सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली.

मला राग आला. मी बावीस वर्षं गावातल्या हायस्कुलात पुढच्या फळीतल्या पोरांना शिकवतोय आणि शिकवतो काय, तर हेच. आमचा गडी वाकून एक हात जमिनीवर टेकवून उभा राहतो. पुढे धडक मारायची असेल तर नकळत सगळं वजन त्या हातावर येतं आणि नखं पांढरी पडतात. मागे सरायचं असेल तर हात नुसता टेकलेला असतो. समोरचा जरा हुशार असेल तर नखं बघूनच ओळखतो. "नखं दाखवू नकोस, गाढवा!" हे वाक्य मी इतक्या वेळा ओरडलोय की पोरं माझ्या मागे माझी नक्कल करतात.

शुक्रवारी दुपारी मी शाळेच्या मैदानावर कुंपणाला टेकून बसलो होतो. ऊन असं की घोट घेईस्तोवर पाणी कोमट. फोन वाजला. पलीकडे टिलरी.

ड्वेन टिलरी दोन हंगाम माझ्या डाव्या खांद्याला खांदा लावून खेळला. माझा गुडघा गेला तेव्हा तो माझ्यापासून दोन हातांवर होता. मी सही केली होती कॅम्पच्या पहिल्याच सकाळी, एका गाडीच्या बॉनेटवर, कारण आत माझ्या नावाची जर्सी टांगलेली दिसली आणि मला धीर धरवला नाही. हमीबिमी कोणाला माहीत होती? गुडघा सांधेपर्यंतचा पगार दिला आणि मग रामराम. माझ्या कपाटातलं सामान टिलरीने कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून हॉस्पिटलात आणून दिलं. पलंगाशी पिशवी ठेवली, दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. बोलला काहीच नाही.

तो आता आमच्या त्याच जुन्या क्लबात नोकरीला होता. होय, क्विंटनच्याच क्लबात, खेळाडू हेरायच्या खात्यात. मला हे माहीत होतं. तरी फोनवर त्याचा आवाज ऐकला की मी पुन्हा पंचवीस वर्षांचा होतो, त्याला मी काय करणार?

"म्हाताऱ्या, गुडघा कसा आहे?"

"पाऊस सांगतो. तुझं पोट कसं आहे?"

"वाढतंय. मासे लागतात का अजून तुमच्या नदीला?"

असं चाललं होतं. मग तो सहज म्हणाला, "पोरगा कसा आहे रे? माझ्यापुरतं विचारतोय."

आणि मी बोललो. पोरगा धड जेवत नाही म्हणालो. अर्नेटाने केलेला कॅटफिश तसाच परत जातो म्हणालो. "अरे, बॅग मंगळवारपासून गाडीत आहे त्याची. रोज सकाळी जाऊन बघतो, आहे ना म्हणून." हसलोसुद्धा वर. टिलरी हसला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शनिवारी सकाळी कॅमिलचा फोन आला तेव्हा आम्ही तिघंही अर्नेटाच्या स्वयंपाकघरात होतो.

"क्लबने एकतीस वर्षांचा एक जुना खेळाडू घेतलाय, क्विंटनच्या जागेवर," ती म्हणाली. "आणि मुदत घातलीय. सोमवारी दुपारी बारापर्यंत सही, नाहीतर तिसऱ्या वर्षाची निम्मी हमी देत होते, तीही काढून घेणार. त्यांचा माणूस मला काय म्हणाला सांगू? म्हणाला, 'बाई, पोराची बॅग मंगळवारपासून गाडीत आहे, आपण कशाला एकमेकांचा वेळ घालवायचा?' बॅगेचं कोणी सांगितलं त्यांना?"

क्विंटनने आईकडे बघितलं. अर्नेटाने माझ्याकडे बघितलं. तिला माझं तोंड साठ वर्षं माहीत आहे.

"लॉन्झो."

"टिलरीचा फोन आला होता," मी म्हणालो.

"अगं बाई!" अर्नेटाने हातातला झारा ओट्यावर आपटला. "काल जन्मलेला बरा की रे तुझ्यापेक्षा! त्याला निदान बोलता तरी येत नाही!"

कॅमिलने फोन ठेवून दिला. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. ज्या क्लबने माझा पाय घेतला, त्याच क्लबला मी भाच्याचं एकमेव हुकमी पान फुकट, हसत हसत देऊन टाकलं होतं.

"मामा, जाऊ दे," क्विंटन म्हणाला. "मी सही करतो. निम्मी तर निम्मी. तो एकतीसवाला रोज मैदानात उतरतोय आणि मी इथे वाटाणे सोलतोय. माझी जागा गेली तर हमी घेऊन काय करू?"

"आणि गुडघा गेला तर जागा घेऊन काय करशील?"

"प्रत्येकाचा जात नाही, मामा."

हे त्याने हळू म्हटलं, लागावं म्हणून नाही. पण लागलं. मी म्हणालो, "सोमवारी बारापर्यंत वेळ आहे ना? तोवर थांब. मी घाण केलीय, मला एक फोन करू दे."

मी मागच्या अंगणात गेलो. येरझारा घालत काय सांगायचं ते ठरवलं. बॅग काढली. पोरगा कॉलेजात परत नाव घालतोय, एक वर्ष थांबणार, पुढच्या एप्रिलात दुसऱ्या क्लबकडे जाणार. तोंडपाठ केलं. टिलरीने पहिल्याच घंटीला उचलला.

"तू सांगितलंस," मी म्हणालो.

"माझा पगार त्याचाच आहे, लॉन्झो."

"बरं, मग आता हे सांग. बॅग..." आणि पुढे शब्दच फुटेना. खोटं बोलायचं ते कोणाशी? हा माणूस दोन वर्षं माझ्या नखांच्या शेजारी वाकला होता.

"बॅग गाडीतच आहे," मी म्हणालो. "पोरगा झुरतोय. इतका झुरतोय की मी नसतो तर काल रात्रीच निघाला असता. आणि तरीही तो येणार नाही, कारण मी गाडीसमोर आडवा पडेन. शेवटचा, चौथा डाव आणि पुढे सरकायला एकच यार्ड उरला की आपण काय करायचो? अख्ख्या स्टेडियमला माहीत असायचं की आपण धडकच मारणार. नखं पांढरी तर पांढरी! अडवायचं तर अडवा. तू होतास तिथे, ड्वेन. ती काळी पिशवी तू आणलीस. त्याच्या पलंगाशी कोण आणणार? मला नाव सांग, मग पाठवतो त्याला."

मग तो म्हणाला, "तेव्हाही मला काही सुचलं नव्हतं," आणि फोन ठेवला.

टिलरीला जे बोललो ते मी क्विंटनला सांगितलं. तो खूप वेळ पायऱ्यांवर बसला. सोमवारी अकरा वाजता आत आला, आईजवळ खुर्चीत बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. बारा वाजले. फोन वाजला नाही. सव्वाबारानंतर वाजला. निम्मी हमी गेली होती.

पुढचे सहा दिवस मला कोणी विचारू नये. बातम्यांत तो एकतीसवाला रोज चांगला खेळत होता. क्लबचे मुख्य प्रशिक्षक म्हणाले, जे इथे आहेत ते आहेत, जे नाहीत त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. अर्नेटा माझ्याशी फक्त मीठ दे, दार लाव, एवढंच बोलायची. मी मनात दहादा टिलरीला शिव्या दिल्या आणि अकराव्यांदा स्वतःला. पोराचं सगळं आयुष्य माझ्या जुन्या गुडघ्यापायी बुडालं तर मी तोंड कुठे लपवू, हेच डोक्यात चालू होतं.

तेराव्या दिवशी, रविवारी, चर्चमधून बाहेर पडताना कॅमिलचा फोन आला. ती आधी नुसती हसत सुटली.

"पूर्ण तिसरं वर्ष. अख्खं. काल त्यांचा सूरच बदलला. मला विचारतात, 'तो खरंच कॉलेजात नाव घालतोय का हो?' मला काहीच माहीत नाही, म्हणून मी गप्प बसले. त्यांना ते गप्प बसणंच भारी पडलं असणार. कोच, तुम्ही काय केलंत?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि ते अगदी खरं होतं. वीस मिनिटांत क्विंटन निघाला. बॅग गाडीतच होती. अर्नेटाने जाता जाता माझ्या पाठीत एक धपाटा घातला. म्हणजे मिटलं.

ऑगस्टच्या मध्याला पहिला सराव सामना झाला. क्विंटन बरा खेळला. सामन्यानंतर बातमीदाराने विचारलं, घरी बसून काय करत होतास? कॉलेजचं काही तरी ऐकलं होतं आम्ही. पोरगा घामाघूम, खुशीत. म्हणाला, "छे हो, कसलं कॉलेज! तेरा दिवस बॅग गाडीत होती माझी. रोज सकाळी जाऊन हात लावून यायचो." सगळे हसले. अर्नेटाही टीव्हीसमोर हसली. माझ्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. कॉलेजचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं, हे त्या रविवारच्या खुशीत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ते मी टिलरीला सांगायला गेलो होतो आणि सांगू शकलो नव्हतो.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"म्हाताऱ्या, गुडघा कसा आहे?"

"ड्वेन, तू त्यांना काय सांगितलंस?"

"की बॅग काढली. की पोरगा परत शिकायला चाललाय. की तू स्वतः मला तसं म्हणालास."

"मी असं कुठे म्हणालो?"

"'बॅग' म्हणून अडलास, तेव्हाच पुढचं कळलं मला. तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून मला बोलावं लागलं," तो म्हणाला. "पोराची मुलाखत वरच्यांनीही ऐकली. आज सकाळी बोलावलं होतं वरती. एकोणीस वर्षं झाली मला इथे. पाच मिनिटांत आटपलं."

"अरे, पण काही महिन्यांचा पगार तरी..."

"ते कलम तुझ्या भाच्याच्या करारात आहे, लॉन्झो. माझ्या नव्हतं."

तो वाहनतळावर उभा होता. मागून गाड्यांचे आवाज येत होते. पलीकडच्या मैदानात शिट्टी वाजत होती, सराव चालू असणार. क्विंटनही त्यात असणार, त्याला काहीच माहीत नसणार.

"सामान कोणी आणून दिलं तुला?" मी विचारलं.

"कोणी नाही. माझं मीच उचललं."

"तिथेच थांब," मी म्हणालो आणि गाडीची किल्ली शोधायला लागलो.