दमणला जाऊन आलेली तागडी

मित्रांनो, मी एक जुनी तागडी आहे. उत्तनमधल्या एका माळ्यावर मी पडून असते आणि माझ्या डाव्या पारड्यात एक कोंबडी अंडी घालते. तरीही माझे ऐका, कारण परदेशी जाऊन आलेली तागडी तुम्हाला रोज भेटणार नाही.

माझा जन्म भाईंदरच्या एका सुताराच्या अंगणात झाला. त्याने मला सागवानी दांडी, वेताची दोन रुंद पारडी आणि मधोमध पितळी काटा दिला. मग दोन्ही पारडी रिकामी टांगून तो अर्धा दिवस माझ्याकडे बघत बसला. काटा केसभरही ढळत नाही अशी खात्री झाल्यावरच त्याने मला उत्तनच्या मार्सेलिनबाईंना विकले. त्या सुके बोंबील विकत.

बाईंचा एकच नियम होता. वजन चालू असताना कोणी पारड्याला बोट लावले, की त्या सुपाची कड त्याच्या बोटांवर हाणत. "पारड्याला हात न्हाय लावायचा! काट्याला बोलू द्या!" एकदा खुद्द पाद्रीबाबांना बसली. पुढच्या रविवारी त्यांनी प्रवचनात माझ्या खरेपणाची स्तुती केली. बोटे तेव्हाही सुजलेली होती.

बाईंना मूल नव्हते. बारा वर्षे वाट पाहून त्यांनी देवमाऊलीला नवस केला. मूल मिळाले तर त्याची तुळा करायची, म्हणजे एका पारड्यात मूल बसवून दुसऱ्यात त्याच्या वजनाइतके बोंबील घालायचे. ते बोंबील अनाथांना द्यायचे. आणि तुळा पुरी होईपर्यंत मुलाला हात लावायचा नाही.

त्यांचे यजमान इनास मासेमारीच्या मचव्याचे तांडेल, म्हणजे कप्तान होते. ते म्हणाले, "अगो, हात न लावायचा कशाला बोललीस?"

"देवाकडं मागनं हाय. सोप्पं कसं मागू?"

१९३५ साली पाद्रीबाबांच्या ओळखीने दमणच्या एका अनाथालयाचे पत्र आले. अगुस्तीन नावाचा मुलगा दत्तक मिळणार होता. सोबत पाळण्यातल्या गुटगुटीत बाळाचा फोटो होता. बाईंनी तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, "नऊ शेर." त्यांनी नऊ शेर उत्तम बोंबील निवडून घेतले. दुसऱ्याच्या तागडीवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून मलाही मचव्यात चढवले. दमण तेव्हा पोर्तुगिजांचे, म्हणजे परदेश. म्हणून इनासभाऊंनी लग्नातला कोट आणि बूट घातले होते. बूट दोन दिवस चावत होते.

दमणच्या धक्क्यावर जकातीच्या शिपायाने मला उलटसुलट करून पाहिले.

"आ शुं छे?"

"तागडी."

"शुं तोलवानुं?"

"पोरगा," बाई म्हणाल्या.

शिपायाने जकातीची यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. पोरगा तोलण्याची तागडी तिच्यात नव्हती. आम्ही वळणाआड जाईपर्यंत तो टोपी काढून डोके खाजवत होता.

अनाथालयाच्या मदर मूळच्या वसईच्या, उंच आणि कडक शिस्तीच्या. त्यांनी मला अंगणातल्या आंब्याच्या फांदीला टांगू दिले. मग अगुस्तीन आला. तो चालत आला. त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते.

"ह्यो फोटोतला?" बाईंनी विचारले.

"फोटो पाच वर्षांपूर्वीचा आहे," मदर म्हणाल्या. "नवा काढायला इथे कोण येतो?"

अगुस्तीन एका पारड्यात बसला. दुसऱ्यात बोंबील ठेवले, पण काटा जागचा हलेना. बाईंनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. त्यांची बोटे पांढरी पडली होती. इतक्यात झाडामागून दोन वर्षांची एक मुलगी धावत आली आणि बोंबलांवर चढून बसली. काटा बरोबर मधोमध आला.

"झाली तुळा!" इनासभाऊ ओरडले.

"झाली," मदर म्हणाल्या. "पण बोंबलांच्या पारड्यात असेल ते अनाथालयाचे. म्हणजे रोझी इथेच राहणार."

"रोझी कोन?"

"त्याची बहीण."

"पत्रात न्हाय लिवलं!"

"तुम्ही एकाच मुलाबद्दल विचारले होते."

अगुस्तीन खाली उतरला. त्याने बहिणीला ओढत आपल्या पारड्यात आणले, तिला मांडीवर घेतले आणि दोऱ्या मुठीत धरल्या. "बेउ," तो म्हणाला. म्हणजे दोघे.

मार्सेलिनबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. इनासभाऊंनी कोट काढून बोंबलांवर टाकला. मग छत्री टाकली. मग बूट, आणि ते तर फार आनंदाने. तेवढ्याने काही होईना, तेव्हा ते अनवाणी धक्क्याकडे धावले आणि मचव्याचा नांगर खांद्यावर घेऊन आले.

"अवो, नांगर दिला तर मचवा थांबवायचा कसा?"

"वाळूत घुसवीन!"

"नांगराचे आम्ही काय करायचे?" मदरनी विचारले.

"गाय बांधा!"

मुले पंचवीस शेर भरली होती. बोंबील नऊ, नांगर बारा आणि कपडेलत्ते तीन, असे चोवीस झाले. एक शेर कमी पडत होता. द्यायला काहीच उरले नव्हते.

"खोटी तुळा मी न्हाय करनार," बाई म्हणाल्या. त्यांचे हात अजून पाठीमागेच होते.

मदर पुढे आल्या आणि बोंबील पाहायला वाकल्या. "माल चांगला आहे," त्या म्हणाल्या. पाहता पाहता त्यांचा अंगठा पारड्याच्या कडेवर टेकला. काटा मधोमध आला.

मी तो अंगठा पाहिला. बाईंनीही पाहिला. बोंबील ज्यातून आणले ते सूप त्यांच्या पायाशीच होते. त्यांनी सावकाश मान वर केली आणि आंब्याच्या फांद्या न्याहाळल्या.

"मोहोर बरा धरलाय," त्या म्हणाल्या. "आनि काटा बोलला."

मग पाठीमागचे दोन्ही हात पुढे आले.

त्यानंतर दर नाताळात मी त्या दोघांना तोलले. पुढे दोरी कुरकुरू लागली. मग घरात लोखंडी काटा आला आणि मी माळ्यावर गेले. आता रोझी अंडी काढायला वर येते तेवढीच भेट.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना जपा. आमची धूळ झटका, दांडीला अधूनमधून तेल लावा. कोंबडी राहिली तरी चालेल. माझा काटा आजही केसभर ढळत नाही. जन्मभरात तो एकदाच खोटे बोलला, एका शेराने. ते वजन कोणाला पुन्हा तपासायचे असेल, तर कृपा करून दुसरी तागडी शोधा.