कौशल्याबाईंच्या पायांची मशीन

नरसिंगराव गिरदावर म्हणजे मावला गावातली बडी आसामी. नोकरी संपून वजीफा, म्हणजे पेन्शन, सुरू झाल्याला चार वर्षं झाली, तरी त्यांना बघून गल्लीतली माणसं बिडी लपवायची. गिरदावर, म्हणजे पटवाऱ्यांवरचा महसुली अंमलदार, म्हणून कचेरीत त्यांनी भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. पण घरात बायकोचे पाय पेटले आणि तिथे मात्र त्यांचं काही चालेना.

कौशल्याबाईंना साखरेचा आजार होता. तळपायांची रात्रंदिवस आग व्हायची, पांघरुणाचं टोकसुद्धा सोसायचं नाही. त्यात कंबर धरलेली. हात कसाबसा गुडघ्यापर्यंत पोचायचा.

त्र्याण्णवच्या दिवाळीला यवतमाळला दिलेली लेक, चारुशीला, नागपूरच्या डॉक्टरांकडून एक मशीन घेऊन आली. साबणाच्या डबीएवढा खोका, आत चौकोनी सेल, दोन वायरी आणि वायरींच्या टोकांना काळ्या रबराच्या चकत्या. चकत्यांना जेली लावायची, एक घोट्यामागे आणि एक पावलावर पट्टीने बांधायची, मग बटण हळूहळू फिरवायचं. बारीक करंट मुंग्यांसारखा चालतो आणि वर जाणारी कळ अडवतो, एवढं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बटण फिरवताना चारू विचारायची, "येते का?"

"येते... येते... बस," आई म्हणायची आणि तिच्या कपाळावरची आठी उकलायची. आजार काही जात नव्हता, पण तासाभराची झोप लागायची. आठ दिवस ती बाई माणसांत आली. बसल्या बसल्या चकल्या पाडताना चक्क गुणगुणली.

भाऊबीज झाली, चारू निघाली. "बाबा, आता तुमी लावून देत जा," ती म्हणाली.

"तेवढं कळते मले," नरसिंगराव म्हणाले.

संध्याकाळी ते जेली घेऊन पायथ्याशी बसले, तशी कौशल्याबाईंनी पाय ओढून घेतले. "अवो, काय करून राह्यले हे! नवऱ्यानं बायकोच्या पायाले हात लावला तं कोनत्या नरकात जाईन मी?"

त्यांनी दोनदा समजावलं आणि उठले. खरं सांगायचं तर त्यांनाही हायसंच वाटलं. आयुष्यात आईबापांखेरीज त्यांनी कुणाचे पाय धरले नव्हते.

भांडेवाली करंटच्या भीतीने जवळ फिरकेना. मग कौशल्याबाई हात पोचेल तिथे, गुडघ्यांवरच चकत्या बांधू लागल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! नरसिंगराव रोज बघत आणि पेपर तोंडासमोर धरत.

माघातल्या एका दुपारी बाईंचा धीर सुटला. ओसरीवर पाय पसरून त्या रडत होत्या. "ऐका ना," त्या म्हणाल्या, "तुमीच लावून द्या. पाप लागलं तं लागो. आता नाही सोसवत मले." आणि त्यांनी आपण होऊन पाय पुढे केला.

नरसिंगराव खाली बसले. पाऊल मांडीवर घेतलं, चकती उचलली, तेवढ्यात फाटक वाजलं. उत्तमराव पटवारी, एकेकाळी त्यांच्या हाताखाली राबलेला माणूस, अंगणात उभा होता. नरसिंगरावांनी पाऊल तसंच खाली टाकलं आणि धोतर झाडत उठले. कौशल्याबाई कळवळल्या.

"काऊन उठले, गिरदावरसाहेब? चालू द्या ना," उत्तमराव म्हणाला. तो हसला की नुसताच बोलला, देव जाणे. पण बायकोच्या आगीपेक्षा त्यांना त्याची नजर जड झाली. त्याला अंगणातच खुर्ची दिली आणि तासभर कापसाच्या भावावर बोलत राहिले.

आत आले तेव्हा चकत्या गुडघ्यावर बांधलेल्या होत्या. "राहू द्या," कौशल्याबाई म्हणाल्या. "बरं वाटते आता."

पुन्हा त्यांनी कधी पाय पुढे केला नाही. यांनीही पुन्हा विचारलं नाही. चारूला पत्रात मात्र नरसिंगरावांनी लिहिलं, की मशीन छान चालते.

चैत्रात एका सकाळी कौशल्याबाईंचं हृदय बंद पडलं. चारू येईपर्यंत सगळे थांबले. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. शेजारच्या म्हाताऱ्या बयनाबाई हळदीची वाटी घेऊन पायांकडे सरकल्या.

"वाटी इकडे द्या," नरसिंगराव म्हणाले. "पायाले हळद मी लावतो."

"असं करत नाहीत, भाऊ. लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या."

अंगण भरलेलं होतं. उत्तमरावही होता. नरसिंगराव सगळ्यांदेखत खाली बसले आणि त्यांनी बायकोचं पाऊल मांडीवर घेतलं. हळदीचं एक बोट घोट्यामागे टेकवलं, एक पावलावर, बरोबर चकत्यांच्या जागी. त्या जागा त्यांना पाठ होत्या. पाय थंडगार पडले होते.

"कौसल्ये," त्यांनी हळूच विचारलं, "येते का?"

चारू हुंदका आवरत त्यांना दंडाला धरून उठवू लागली, पण ते उठेनात. कौशल्याबाई 'बस' म्हणतील याची वाट बघत ते पाऊल धरून बसून राहिले.