वाचनफेरी

आमच्या सिम्युलेटरच्या खोलीत कोपऱ्यात एक निळी बादली ठेवलेली असते. पहिल्यांदा येणारा माणूस ती बघून हसतो आणि थोड्या वेळाने तिच्यावरच ओणवा होतो. नवे विद्यार्थी, मुरलेले ड्रायव्हर, एकदा तर खुद्द साहेब, सगळ्यांनी त्या बादलीला नमस्कार केलेला आहे. दादाला मात्र ती कधी लागली नाही.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. शहराबाहेरच्या या रेसट्रॅकवर तो शिकवणारा ड्रायव्हर होता. शिकाऊ माणसाला शेजारी बसवून गाडी कशी पळवायची ते दाखवणं हे त्याचं काम. मी इथेच सिम्युलेटर सांभाळते. खऱ्या गाडीवरच्या सेन्सरची माहिती घ्यायची आणि पडद्यावरची गाडी तशीच वागेल असं बघायचं, हे माझं. गेल्या वर्षी दादाच्या रक्तात संसर्ग पसरला. हॉस्पिटलात जे जालीम औषध दिलं त्याने जीव वाचला, पण दोन्ही कानांच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय कायमचं गेलं. ऐकू नीट येतं. फक्त डोकं हललं की ‘हललं’ असं मेंदूला कळवणारं आत कोणी उरलं नाही.

डॉक्टर म्हणाले होते, मेंदू हळूहळू डोळ्यांवर आणि पायांवर काम भागवायला शिकेल. तो शिकलाही. भिंत धरून मोरीपर्यंत जाणारा दादा आधी काठी घेऊन, मग काठी टाकून चालायला लागला. चालताना पाय जरा फाकलेले पडत, एवढंच. मग एके दिवशी तो ट्रॅकवर येऊन साहेबांसमोर उभा राहिला.

साहेब म्हणजे ट्रॅकचे मालक. मनाने वाईट नाहीत, पण गाडीत दोन जीव असतात हे ते विसरत नाहीत. ते म्हणाले, “सिम्युलेटरवर तुझी स्वतःची एका फेरीची जुनी वेळ गाठ. गाठलीस की गाडी तुझी.”

दादाने ती गाठली. गाठली म्हणजे किंचित मागेच टाकली. त्या दिवशी वहिनीही आली होती. पडद्यावर आकडा हिरवा झाला तेव्हा तिने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

“बघ,” दादा हेल्मेट काढत म्हणाला, “आणि तुझी बादली कोरडी ठणठणीत.”

“पोटात दगड आहे तुमच्या,” वहिनी म्हणाली.

“दगड नाही, अनुभव आहे. काय गं मीटर?”

सगळं मोजत बसते म्हणून तो मला लहानपणापासून मीटर म्हणतो. मी हसले. पण घरी जाताना तो कोरड्या बादलीचा विनोद माझ्या डोक्यातून जाईना.

आमचा सिम्युलेटर मोटरने वर-खाली होणाऱ्या सहा पायांवर उभा आहे. खोलीत तो पळू शकत नाही, म्हणून वेग वाढला असं वाटायला आम्ही बसलेल्या माणसाला हळूच मागे कलवतो. पाठ खुर्चीत दबते, पडद्यावर रस्ता अंगावर येतो, आणि कानाला वाटतं, गाडी सुटली. ब्रेक मारला की पुढे कलवतो. थोडक्यात, आम्ही कानाला फसवतो. ही फसवणूक कधीच पुरी जमत नाही. डोळे एक सांगतात, कान दुसरंच सांगतो, आणि त्या भांडणात पोट ढवळून निघतं. पण कानाचा साक्षीदारच हजर नसेल तर भांडण होणार कोणाचं? दादाला मळमळत नव्हतं ते तो बरा झाला म्हणून नव्हे. तो बरा झाला नव्हता म्हणून.

एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. तोल नसलेला माणूस हातांनी आणि नजरेने गाडी चालवू शकत असेल तर चालवू दे की. अडचण दुसरी होती. आपण चालतो तेव्हा डोकं सारखं हिंदकळत असतं, तरी समोरची दुकानाची पाटी स्थिर दिसते, कारण कान डोळ्यांना क्षणोक्षणी सांगत असतो: डोकं वर गेलं, तू खाली बघ. हा निरोप थांबला की जग हिंदकळतं. आणि आमच्या सिम्युलेटरवर जग हिंदकळतच नाही. पडद्यावरचं चित्र गुळगुळीत सरकतं. रस्त्याचे बारीक हादरे पूर्वी होते, पण गिऱ्हाइकं आजारी पडतात म्हणून साहेबांच्या सांगण्यावरून मी ते बंद केले होते. ज्या एका गोष्टीत दादा नापास झाला असता, तेवढीच प्रश्नपत्रिकेतून वगळलेली होती.

मी वहिनीला आडून विचारलं, रस्त्यात त्याचं कसं असतं?

“कसं असायचं? फोन वाजला की खांबासारखा उभा राहतो. चालता चालता समोरून कोणी आलं तर ओळखत नाही, थांबला की ओळखतो. लोक म्हणतात, आजारातून उठला आणि शिष्ट झाला.” तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. “का गं?”

रविवारी दादाकडे जेवणं झाल्यावर तो भांडी घासत होता आणि मी पुसत होते. तेव्हा मी सगळं सांगितलं. त्याने नळ बंद केला नाही. पाणी तसंच वाहत राहिलं.

“म्हणजे मी आजारी पडत नाही म्हणून मी आजारी आहे.”

“तसं नाही रे...”

“तसंच आहे. मग काय करू? बादलीत ओकून दाखवू? साहेबांना पावती देऊ?”

“चिडू नकोस. तुला खऱ्या रस्त्यावर पाट्या वाचता येतात का, एवढंच बघू.”

“तू पडद्यासमोर बसून उंटावरून शेळ्या हाकणार आणि मला गाडी शिकवणार!” मग त्याने नळ बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाला, “मला दुसरं काही येत नाही, मीटर. तुम्हा लोकांना एक गेलं तर दुसरं सुचतं. मला हे एकच येतं.”

“वाचनफेरी करू,” मी म्हणाले. “तुझीच पद्धत आहे. तू पास झालास तर मी परत तोंड उघडणार नाही.”

वाचनफेरी त्यानेच सुरू केलेली. नव्या विद्यार्थ्याच्या हाती स्टिअरिंग देण्याआधी तो त्याला शेजारी बसवून ट्रॅकभर फिरवायचा आणि दिसेल ते मोठ्याने वाचायला लावायचा. वळणाचा आकडा, अंतराची पाटी, झेंड्याचा रंग. नवा माणूस बॉनेटकडे बघत बसतो. मोठ्याने वाचायचं म्हटलं की नजर आपोआप लांब जाते. आता विद्यार्थ्याच्या जागी तो आणि ड्रायव्हर मी. साहेबांनाही हे पटलं. ते म्हणाले, वाचनफेरी करा, मग लगेच दुपारपासून गाडी घे.

मला ट्रॅकवर गाडी चालवायची परवानगी आहे, पण मी चांगली ड्रायव्हर नाही. सिम्युलेटरवर जे वळण मी डोळे मिटून घेते, तिथेच खऱ्या गाडीत मी दर वेळी फार आधी ब्रेक मारते. पडद्यावर चूक झाली की बटण दाबून पुन्हा सुरुवात. इथे तापलेल्या ब्रेकचा करपट वास, हेल्मेटच्या ओझ्याने आखडलेली मान, आणि सीटखालून येणारी सततची थरथर, जिच्यातून गाडी काहीबाही सांगत असते. दादाला ती थरथर पूर्वी वर्तमानपत्रासारखी वाचता यायची. मागचं चाक घसरायच्या आधीच त्याला कळायचं. “ढुंगणाला कळतं,” असं तो विद्यार्थ्यांना सांगायचा आणि सगळे हसायचे.

त्या दिवशी त्याने पट्टा दोनदा आवळून पाहिला.

“चल,” तो म्हणाला. “आणि म्हातारीसारखी नको चालवू.”

पुढच्या भागातलं डांबर नवं आहे, काचेसारखं. तिथे त्याने सगळं वाचलं. वळणांचे आकडे, पिटच्या, म्हणजे गाड्या थांबवून दुरुस्त करतात त्या जागेच्या, भिंतीवरची जाहिरात, चौकीवरचा पिवळा झेंडा. झेंडा तर मला दिसायच्याही आधी. माझा जीव भांड्यात पडला. मी चुकले, असं मनात म्हटलं, आणि चुकल्याचा इतका आनंद मला आजवर कधी झाला नव्हता.

मग मागचा सरळ पट्टा आला. तो जुना आहे, जागोजागी ठिगळं मारलेली. गाडी दाणदाण उडायला लागली. या पट्ट्याच्या टोकाला ट्रॅकवरचं सगळ्यात अवघड वळण आहे, म्हणून ब्रेकसाठी अंतराच्या तीन पाट्या लागतात: दीडशे, शंभर, पन्नास.

“दीडशे,” दादा म्हणाला. पाटी होती.

“शंभर.”

तिथे नुसता खांब होता. पाटी खाली गवतात पालथी पडलेली. आदल्या दिवशी कोणा विद्यार्थ्याची गाडी तिकडे घसरली होती, तिचाच प्रताप असणार.

“पन्नास. अगं ब्रेक! ब्रेक झोपले का तुझे?”

मी कसंबसं वळण काढलं. नीट ऐकलं नसेन, अशी मी स्वतःची समजूत घातली. एकदाच घेतलेलं माप खरं धरायचं नाही, हे मला कॉलेजात शिकवलेलं आहे. म्हणून मी आणखी एक फेरी मारली. आणि मागच्या पट्ट्यावर, अगदी त्याच जागी, त्याच ठाम आवाजात दादा म्हणाला, “शंभर.”

मी गाडी हळू करत वळणाच्या कडेला, गवतावर घेऊन थांबवली. ट्रॅकवर दुसरी गाडी नव्हती.

“काय झालं? इंजिन?”

“उतर जरा.”

आम्ही कडेकडेने मागे चालत गेलो. तो पाय फाकून, जपून चालत होता. रिकाम्या खांबापाशी मी थांबले. त्याने खांब पाहिला, खांबावरचे उघडे बोल्ट पाहिले, गवतातली पाटी पाहिली.

“आत्ता पडली असेल,” तो म्हणाला.

पाटीवर दव सुकून धुळीचे डाग पडले होते.

“मला दिसली, मीटर.” त्याचा आवाज एकदम लहान झाला. “शपथ. मी खोटं नाही बोललो. पांढरी पाटी, काळा आकडा. मला दिसली.”

“माहीत आहे.”

ते मला खरोखरच माहीत होतं. हिंदकळणाऱ्या चित्रात मेंदूने पाठ असलेली पाटी भरून टाकली होती. हजारो वेळा पाहिलेली पाटी. त्याने मला फसवलं नव्हतं. त्यालाच कोणी तरी आतून फसवत होतं, आम्ही खोलीत सहा पायांच्या यंत्राने लोकांच्या कानाला फसवतो त्याहून फार सफाईने. आणि आज जिथे पाटी दिसली, तिथे उद्या मोकळा रस्ता दिसेल, प्रत्यक्षात रस्त्यात आडवी झालेली गाडी असताना. शेजारी कोणाचा तरी पोरगा बसलेला असेल.

दादा पन्नासच्या पाटीकडे तोंड करून उभा राहिला. नजर पाटीवर ठेवून त्याने मान डावी-उजवीकडे जोरात हलवली. थांबला. पुन्हा हलवली. पुन्हा थांबला. मला ते बघवेना.

“साहेबांना सांगशील?” त्याने विचारलं.

“तू सांगावंस.”

“मी नाही सांगितलं तर?”

“तर मी सांगेन.”

“चांगली आहेस,” तो म्हणाला. त्यात टोमणा होता की नव्हता, मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

माझ्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरत होता. साहेब विचारत असणार, का थांबलात. मी तो हातात घेतला नाही. तेवढ्यात ट्रॅकच्या आतल्या रस्त्याने मेकॅनिक काकांची छोटी जीप आली. पिटमधून त्यांना आमची गाडी थांबलेली दिसली होती, आणि पडलेली पाटी लावायचीच होती. ते पाने-बोल्ट घेऊन उतरले.

“गाडीला काही?” त्यांनी विचारलं.

“नाही काका,” मी म्हणाले.

“मग ठीक. अरे, तुझी गाडी सकाळपासून तयार आहे बरं का,” ते दादाला म्हणाले. “नवे टायर घातलेत. सीट तुझ्या मापाला सरकवून ठेवलीय. एवढे दिवस ती पुढेच होती, तुझ्या जागी आलेला तो बुटका चालवत होता ना. पुसून आरशासारखी केलीय. कधी काढतोस बाहेर?”

मी मातीकडे बघत होते. दादाने माझ्याकडे बोट दाखवलं असतं, आज नाही उद्या म्हटलं असतं, सस्पेन्शनला शिव्या दिल्या असत्या, तरी काकांनी मान डोलावली असती.

“सीट परत पुढे घ्या काका,” तो म्हणाला. “बुटक्यालाच द्या गाडी.”

“म्हणजे? आज नाही?”

“मला रस्ता दिसत नाही. गाडी हलली की दिसत नाही. साहेबांना मी सांगतो आता.”

काकांनी हातातला पाना या हातातून त्या हातात घेतला. मग त्यांनी गवतातली पाटी उचलली, बाहीने पुसली, आणि खांबाला लावून धरायचा प्रयत्न करू लागले. पाटी मोठी होती. एका हाताने ती धरून दुसऱ्याने बोल्ट बसेना.

“द्या इकडे,” म्हणत दादाने ती दोन्ही हातांनी पेलली.

मी गाडीकडे निघाले. वॉकीटॉकीत साहेब आता माझं नाव घेऊन ओरडत होते. मागून काकांचा आवाज आला, “सरळ आहे का बघ रे जरा लांबून.” मी वळून पाहिलं. दादा चार पावलं मागे जाऊन, मान अजिबात न हलवता उभा होता.

“डावीकडून थोडी वर,” तो म्हणाला. “अजून. हां. आता आवळा.”