टेबलाखालची जागा

"परत लाव," साहेब म्हणाले.

तिने फोन परत लावला. पलीकडच्या बाईने त्याच गोड, छापील आवाजात सांगितलं की हा क्रमांक सध्या संपर्काबाहेर आहे. साहेबांना भरवायला घेतलेला चमचा तिने कधी खाली ठेवला ते तिला आठवत नव्हतं. टीव्हीवरच्या नकाशात भूकंपाची लाल वर्तुळं पसरत होती आणि त्यांच्या मधोमध तिचा डोंगर होता. डोंगराच्या कुशीत तिचं गाव, गावात तिची आई, आणि आईजवळ ठेवलेली तिची लेक, माऊ.

नवरा गेल्यावर ती या परक्या देशात म्हाताऱ्यांची देखभाल करायला आली होती. साहेबांची उभी हयात इमारतींचे नकाशे तपासण्यात गेली होती. मंजूर करण्यापेक्षा ते परत पाठवायचेच जास्त. आता हात थरथरत म्हणून चमचा तिच्या हातात होता, जीभ मात्र शाबूत होती. मी भूकंपाने मरणार नाही, तुझ्या अळणी जेवणाने मरेन, असं ते रोज एकदा तरी ऐकवायचे. मीठ डॉक्टरांनी तोडलंय हे त्यांनाही ठाऊक होतं.

आज ते असलं काही बोलले नाहीत. त्यांनी रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज बंद केला. त्यानेच ती जास्त घाबरली.

पडद्यावर भूकंपाचा आकडा तेवढा राहिला. मागच्या वर्षी याच शहरात झालेला भूकंप याहून थोडा मोठाच होता. तेव्हा ती ओट्याशी उभी होती. आधी भांडी किणकिणली, मग नवव्या मजल्यावरचं ते घर सबंधच्या सबंध होडीसारखं झुलायला लागलं. ती जिन्याकडे धावली. एरवी पुटपुटणारे साहेब कडाडले, "बाहेर नाही. टेबलाखाली." ती टेबलाखाली शिरली, पाय घट्ट धरून बसली. साहेबांनी आपल्या चाकाच्या खुर्चीला ब्रेक लावला होता आणि डोक्यावर उशी धरली होती. कपाटं भिंतीला स्क्रूने आवळलेली असल्यामुळे जागची हलली नाहीत. एक कप फुटला. इमारत हळूहळू स्थिर झाली, साहेबांनी कपाबद्दल कुरकुर केली, दुपारपर्यंत लिफ्ट बंद होती. बस, एवढंच.

त्याच संध्याकाळी तिने माऊला फोन केला होता. गावाला लहानसहान धक्के नेहमीचेच, आणि धक्का बसला की सगळे आरडाओरडा करत अंगणात पळायचे. तिला त्या पळण्याची आता लाज वाटायला लागली होती. इथली माणसं किती शांत असतात, शाळेतल्या पोरांनाही कसं शिकवलेलं असतं, हे तिने रंगवून सांगितलं. मग दादाच्या मागे लागून सुताराकडून जाड लाकडाचं टेबल करून घेतलं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती "हललं!" म्हणायची आणि माऊ धावत टेबलाखाली जाऊन बसायची. आईला हसू आवरायचं नाही. "नाव माऊ ठेवलं, आता बसायची जागाही मांजराचीच शिकली," असं म्हणून ती फोनमध्ये तोंड घालायची. आईला स्वतःला टेबलाखाली बसायला सांगितलं, तर ती गुडघे दाखवायची.

तिने हे सगळं साहेबांना आत्ता, पहिल्यांदाच सांगितलं. तिथे शाळा सकाळची असते आणि धक्का दुपारी बसला, म्हणजे माऊ घरीच असणार. आणि माऊ शहाणी आहे, ती टेबलाखालीच गेली असेल. हे सांगताना तिला वाटत होतं की साहेब मान डोलावतील.

साहेबांनी विचारलं, "छत कशाचं आहे तुमचं?"

लाकडी वासे, वर माती, तिने सांगितलं. दगडाच्या भिंती, त्याही मातीतच रचलेल्या. छत गळायला लागलं की पावसाच्या आधी मातीचा नवा थर देतात. जुना कोणी काढत नाही. आजोबांच्या वेळेपासून थरावर थर चढलेत, म्हणून तर घर उन्हाळ्यात गार असतं.

साहेब नकाशाकडे बघत राहिले. 

"बोला ना," ती म्हणाली.

त्यांनी सांगितलं, पण तिच्याकडे न बघता. ही इमारत हलते पण पडत नाही. तशी ती बांधून घेतली आहे. त्यांच्या लहानपणी इथेही अर्धं शहर आडवं झालं होतं. त्यानंतर नियम आले, नियमांमागे पैसा आला, आणि त्यांच्यासारखी माणसं बांधणाऱ्यांच्या शिव्या खात नकाशे परत पाठवत राहिली. एवढं सगळं झाल्यावर मग टेबल. वरून दिवा पडेल, काच पडेल, त्यासाठी. "घर उभं राहणार असेल तरच टेबलाचा उपयोग, पोरी. ते वजन टेबल पेलणार नाही. तसल्या घरात दार जवळ असेल तर पळायचं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत मला?"

"तू तिला शिकवते आहेस हे मला कुठे माहीत होतं?"

 ती उठून बाल्कनीत गेली. खाली सिग्नलला गाड्या थांबत होत्या, सुटत होत्या. तिला पाय धरून बसलेली माऊ दिसत होती, अगदी शिकवल्यासारखी, मान आत, डोळे मिटलेले. आजवर लेकीने ऐकावं म्हणून तिने किती नवस बोलले होते. आज ती मनात एकच म्हणत होती, की माझं ऐकलं नसू दे. माऊ हट्टी असू दे, घाबरून सगळं विसरलेली असू दे.

दुपार सरली. तिने साहेबांना औषधं दिली, कपडे वाळत घातले, तेच ओले समजून पुन्हा पिळले. फोन दर वेळी त्याच बाईने उचलला.

संध्याकाळी दिवे लागता लागता अनोळखी नंबरवरून दादाचा फोन आला. आवाज धुळीने बसला होता. "माऊ आहे. खरचटलंय नुसतं," हे त्याने आधी सांगितलं. आईचं नाव त्याने काढलं नाही, आणि त्यातच तिला कळलं.

"आई?"

"आई बाहेरच होती गं. अंगणात होती."

बाकीचं त्याने तुकड्यातुकड्यांत सांगितलं. जमीन हलली तेव्हा आई अंगणात धान्य पाखडत होती. माऊ आत होती. आईने हाका मारल्या, माऊ आतून ओरडली की मी येणार नाही, माझ्या आईने टेबलाखाली बसायला सांगितलंय. मग गुडघ्यांची तक्रार करणारी ती बाई आत धावली. टेबलाच्या पायाला मिठी मारून बसलेल्या पोरीला तिने तंगडी धरून ओढलं आणि दारातून बाहेर फेकलं. स्वतः उंबऱ्यापर्यंत पोचली होती, तेवढ्यात छत खाली आलं.

"आणि ते टेबल... मातीखाली पार चेपलंय," दादा म्हणाला.

थोड्या वेळाने त्याने आवाज खाली आणला. माऊ सगळ्यांना सांगत फिरतेय, की आजी माझ्याजवळ येऊन बसली असती तर वाचली असती. तिला काय सांगायचं ते आता तूच सांग, मला जमत नाही, म्हणाला.

फोन माऊच्या हातात गेला.

"आई, मी बरोबर बसले होते. पाय पण धरला होता. आजीने ऐकलंच नाही."

ती भिंतीला टेकली. हो म्हणणं सोपं होतं. पण डोंगर अजून हलत होता. आज ना उद्या पोरगी पुन्हा कुठल्यातरी छताखाली, कुठल्यातरी टेबलाखाली शिरली असती. आणि नाही म्हटलं, तर आजी कोणामुळे आत आली हे तिला कळायला वेळ लागला नसता. साहेब खुर्चीतून तिच्याकडे बघत होते. 

"माऊ, आजीचं बरोबर होतं."



"मग मी चुकले?"

"नाही. तू माझं ऐकलंस. मी चुकले. मी तुला इथल्या घराचं शिकवलं गं. आपल्या घराचं आजीला माहीत होतं. मी तिला विचारायला हवं होतं." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "हे मी तुला पुन्हा पुन्हा सांगेन. मोठी झालीस तरी सांगेन. चूक माझी होती."

माऊ रडली नाही. तिच्यामागे कोणीतरी कोणाला तरी नावाने हाका मारत होतं, थांबून पुन्हा मारत होतं.

"पुन्हा हललं तर?" माऊने विचारलं.

"उघड्यावर राहायचं. भिंतीजवळ जायचं नाही. मामाला सोडायचं नाही."

"इथे सगळं उघडंच आहे," माऊ म्हणाली.

 फोनमधून वारा ऐकू येत होता, कशालाही न अडता वाहणारा.